मेलेल्या शिपायाची नाडी

त्या लढाईला तीनशे वर्षं झाली होती आणि गावाने ती पुन्हा थाटात लढायची ठरवली होती. दरवर्षीच लढायचे म्हणा, पण यंदा गर्दी काही औरच होती. किल्ल्याखालच्या मैदानाला दोरी बांधली होती आणि आत लाकडी तलवारी परजत, पत्र्याची चिलखतं खडखडवत अर्धं गाव एकमेकांवर धावून जात होतं. मावशीला इतिहासाचं भारी वेड, म्हणून तिने भाचीलाही ओढत आणलं होतं. भाची मोठ्या शहरातल्या इस्पितळात नर्स. कित्येक महिन्यांनी मिळालेली दोन दिवसांची सुट्टी खरं तर तिला झोपून काढायची होती.

पहिल्याच चकमकीत एक उंच शिपाई कोसळला. बाकीचेही पडत होते, पण ते हात पसरून, किंकाळ्या फोडून, प्रेक्षकांकडे बघत बघत पडत होते. हा मात्र काही गाजावाजा न करता धप्पकन बसला आणि आडवा झाला. नर्सने विचारबिचार काही केला नाही. दोरीखालून वाकून ती थेट लढाईत शिरली, गुडघे टेकून बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"मी मेलोय," शिपाई ओठ न हलवता पुटपुटला. "तुम्ही जा ना... सगळे बघतायत."

"मेला असाल तर गप्प पडा," ती घड्याळावरची नजर न काढता म्हणाली.

पूर्ण एक मिनिट ती हलली नाही. दोन्ही सैन्यं तलवारी खाली करून उभी राहिली. प्रेक्षकांनी कृपया शिपायांना हात लावू नये, अशी सूचना लाउडस्पीकरवरून झाली आणि मैदानभर हशा पिकला. मावशीने पर्स तोंडासमोर धरली.

लढाई आटोपल्यावर तो त्यांना शोधत चहाच्या दुकानात आला. तो गावचा सुतार होता, सगळ्या तलवारी त्याच्याच कारखान्यातल्या. दरवर्षी पहिलं मरण आपण मागून घेतो, असं त्याने हसत हसत सांगितलं. चिलखत घालून धावलं की दम लागतो, मग लवकर मेलेलं बरं, शिवाय आभाळ बघत निवांत पडता येतं. मावशी खूश होऊन हसली. भाची हसली नाही. तुमची नाडी मध्येच चुकतेय, डॉक्टरांना दाखवा, असं तिने त्याला सरळ सांगितलं.

"असा भर मैदानात हात धरल्यावर... चुकणारच ना?" तो म्हणाला.

"मी रोज तीस-चाळीस हात धरते. कुणाची चुकत नाही."

त्याचे कान लाल झाले. पण ती तेवढ्यावर सोडणारी नव्हती. तलवारी बघायच्या निमित्ताने ती त्याच्या कारखान्यात गेली. आत ताज्या भुशाचा वास होता, खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती. त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेत तिने समोरच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'सोमवारी डॉक्टर' असं लिहिलं. जाईन, पण एका अटीवर, तो म्हणाला. इस्पितळात तुम्हाला सगळे सिस्टर म्हणत असतील, मी म्हणणार नाही. आता लाल व्हायची पाळी तिची होती. डॉक्टर काय म्हणाले ते कळवायला म्हणून तिने त्याच पेन्सिलीने खाली आपला नंबर लिहिला.

सोमवारी तो गेला. हृदयाच्या एका झडपेत जन्मापासूनचा दोष निघाला. आणखी वर्षभर असाच धावला असता तर खरोखरच पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. त्याच्या आईने फोन केला आणि दहा मिनिटं नुसती रडली. मग दर रविवारी त्याचे फोन येऊ लागले. कधी कोणतं लाकूड आलं ते सांगायला, कधी ती वेळेवर जेवते की नाही ते विचारायला. रविवार उजाडला की तिला उगाचच छान वाटायचं.

पण आभार म्हणजे काय हे नर्सइतकं कुणाला कळतं? घरी जाताना पेशंट डोळ्यांत पाणी आणून हात हातात घेतात आणि तीन महिन्यांनी बाजारात समोरून निघून जातात. जावंच त्यांनी, आजारपण कोण आठवत बसेल? त्याने मात्र तसं केलेलं तिला सोसणार नव्हतं, कारण एव्हाना तिचा जीव त्याच्यात पुरता गुंतला होता. काय ते एकदाचं कळावं म्हणून पुढच्या वर्षी ती स्वतःहून निघाली. नेमके मावशीचे गुडघे दुखायला लागले. शहाणी बाई.

यंदा त्याला चिलखत घालायची परवानगी नव्हती. दोरीशेजारी बसून तो मोडलेल्या तलवारी जोडत होता. त्याच्या आईने तिचा हात दिवसभर सोडला नाही. "हिच्यामुळे माझा मुलगा आहे," असं ती भेटेल त्याला सांगत होती आणि प्रत्येक वेळी नर्स थोडी आणखी खचत होती. संध्याकाळी तो तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "माझे आभार मानून झाले तुमचे. आता दर रविवारी फोन करायलाच हवा असं काही नाही... मला वाईट वाटणार नाही."

तिला भयंकर वाईट वाटत होतं. वळणावर बस दिसली.

"आभार मी डॉक्टरांचेही मानले," तो म्हणाला. "मनापासून मानले. पण त्यांची बस चुकावी असं मला कधी वाटलं नाही."

बस येऊन थांबली. तिने दांड्याला हात लावला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. वर्षभराचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही.

ड्रायव्हरने चढताय का म्हणून विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली, हात काढला आणि बस निघून गेली. आजवर तिने हजारदा आभार ऐकले होते. आज आपणही कुणाचे तरी मानावेत असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि तिने त्याचे मानले.

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

"बस चुकवलीस म्हणून."

मग आज मुक्काम इथेच, हे त्याच्या आईला सांगायला ती त्याच्याही पुढे गल्लीत वळली.