आमच्या वाटणीची चाळीस पावलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घाबरवायचा माझा हेतू नाही, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूसही मी नाही. न्हावाशेव्याला एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं तपासतो. जे झालं ते त्याच क्रमाने सांगतो, बाकी तुम्ही ठरवा.

पिठोरी अमावास्येला मी पनवेलहून गावी निघालो, ते बांधाच्या कामासाठी. गाव पेणच्या पलीकडे, खाडीला लागून. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोल आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध. तो गावाने घरटी वाटून घेतलाय. आमच्या वाटणीला चाळीस पावलं. खेकडे त्यात बिळं पाडतात, ती अमावास्या-पुनवेच्या उधाणाच्या आधी बुजवायची. नाही बुजवली तर बांध फुटतो, आणि खारं पाणी एकदा शिरलं की तीन वर्षं शेतात भात होत नाही. एका घराने आळस केला की अख्ख्या गावाचं पीक जातं, असा मामला आहे.

आमच्या घरचं हे काम माझा थोरला भाऊ करायचा, धर्मादादा. आठवड्याचे सहा दिवस ट्रेलर चालवायचा आणि रविवारी बांधावर. घरात बसलेला दादा मला आठवतच नाही. जेवायचा ओट्यावर, झोपायचा अंगणात. दोन्ही मुलींना घेऊन खाडीभर हिंडायचा, बगळ्यांची घरटी दाखवायचा. कोकिळावहिनी म्हणायची, एक दिवस तरी आराम करा. त्यावर हा फावडं उचलत म्हणायचा, "ह्योच आराम हाय."

त्याची एक खोड होती. सगळी बिळं बुजवायचा, पण अगदी वरचं, जिथे पाणी पोचतच नाही असं एक मुद्दाम ठेवायचा. "समदी बुजवली तं उद्या कनच्या निमतानं येऊ?"

जूनमध्ये तो गेला. शेवटचे बारा दिवस दवाखान्यात होता, न उघडणाऱ्या काचांच्या खोलीत. एका दुपारी मला म्हणाला, "विन्या, एकडाव बांधाव ने." मी म्हणालो, "उद्या नेतो." डॉक्टरांनी परवानगी दिली नसती हे खरं. पण मी त्यांना विचारलंच नाही, हेही खरं. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

तर आता चाळीस पावलं माझी. वहिनीला शब्द दिला होता की मी बघतो. जायला हवं होतं सकाळी सहाला, ओहोटीत. पोचलो साडेदहाला.

बीळ बुजवायचं ते खाडीच्या अंगाने. शेताच्या बाजूने बुजवलं तर बुजल्यासारखं दिसतं, पण पाणी बाहेरून आत शिरतं, बांधाच्या पोटात साठतं आणि मग बांध घेऊन जातं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण तोवर बाहेरच्या अंगाला गुडघाभर पाणी चढलं होतं आणि माझी पँट नवी होती. बारा बिळं होती. बाराही मी आतून बुजवली आणि हात धुतले.

तेवढ्यात चांगदेवकाका बांधावरून आले. गावातले जुने. उधाणाच्या दिवशी ते घरांची हजेरी घेतात. अजून वीसेक पावलं लांब होते, तिथूनच ओरडले, "धर्माचं घर?"

"हाय."

मी तोंड उघडायच्या आधी उत्तर गेलं होतं. काका मान हलवून माघारी फिरले. मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या वाटणीवर कुणी नव्हतं.

बाराच्या सुमाराला भरती पुरी झाली. लख्ख ऊन, वारा पडलेला. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली. भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. आणि मला आवाज आला, खाली, माझ्या पायाशी. बुडबुड... मी वाकून पाहिलं. माझी पहिली बुजवणी ओली झाली होती. मग दुसरी. मग गढूळ धार लागली.

हाक मारायला हवी होती. पण हाक मारली तर सगळे बघणार की मी आतून बुजवलंय... मी तसाच बसून राहिलो.

मग तो आवाज आला.

थप... थप थप.

दादाची सवय. गाळ लावला की एक थाप, जरा थांबून दोन. आवाज खाडीच्या अंगाने येत होता. तिथे पुरुषभर पाणी होतं. ताज्या उपसलेल्या गाळाचा वास आला. पाण्यावर साधा तरंगही नव्हता. थप... थप थप. पहिली धार थांबली. आवाज दोन पावलं सरकला. दुसरी थांबली.

मी हललो नाही. त्या अर्ध्या तासात माझे हात कुठे होते, ते मला सांगता येणार नाही. शर्ट मात्र कोरडा होता.

संध्याकाळी पाणी पुरतं उतरल्यावर चांगदेवकाका आणि कोकिळावहिनी आले. वहिनीने चहा आणला होता. काका बाहेरच्या अंगाला उतरले आणि खूश झाले. "भाईरून बुजवलंस. भावाचा हात हाय रं तुला."

मीही उतरलो. अकरा बिळं निळसर गाळाने चोख बंद होती. प्रत्येकावर उजव्या पंजाचा ठसा होता. मी एकावर हात ठेवून पाहिला. बरोबर बसला. तिसऱ्या बोटाखाली चौकोनी खळगा होता, माझ्या अंगठीच्या खड्याचा; अंगठी ढिली आहे, खडा कायम तळव्याकडे फिरतो.

वहिनी वर बघत होती. बारावं बीळ, माथ्याजवळचं, मी सकाळी स्वतः बुजवलेलं, उघडं होतं. आरपार पलीकडच्या भाताचा हिरवा रंग दिसत होता. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

"एक ठेवलंत व्हय, भावजी? म्हंजे पुनवेला येताल."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उद्या पौर्णिमा. मी रजा टाकलेली नाही, जायचं नाही असं ठरवलंय. पण आज सकाळपासून माझ्या उजव्या हाताच्या नखांत निळसर गाळ आहे. तीनदा धुतला. हा बघा, अजून ओला आहे.