डावीकडचा दीड इंच

साटीनची किनार दुमडायची तर खाली कागद लागतो, हे मुखेडातल्या निम्म्या शिवणाऱ्यांना आजही ठाऊक नाही. त्या टाचण्या टोचतात, देवाचं नाव घेतात आणि किनार शेवटी वाकडी ती वाकडीच. मी बारीक सुई लावते, कापडाखाली कागदाची पट्टी सरकवते, दोन्हींवरून शिलाई मारते आणि मग कागद फाडून काढते. एसटी स्टँडामागच्या माझ्या दुकानात बावीस वर्षं हेच चाललंय. माझी किनार आजवर कुणी परत आणलेली नाही.

सिद्धम्माबाई धाकट्या लेकीचा, ऋतुजाचा, लग्नातला घागरा शिवायला टाकायला आल्या, तेव्हा कापड घरूनच घेऊन आल्या. डाळिंबी साटीन, घड्यांवर फिकटलेलं.

"थोरलीसाठी घेतलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुसरं घेऊ म्हणलं, तर ही ऐकून न्हाई राहिली."

"अक्काचंच घालणार मी," ऋतुजा म्हणाली.

थोरली गुरम्मा मला आठवत होती. सहा वर्षांपूर्वी माप द्यायला आली होती. डावा पाय जन्मापासून आखूड. आईने डाव्या काखेखाली हात घालून तिला स्टुलावर चढवलं होतं. कापड माझ्याकडे यायच्या आतच ती तापाने गेली. फार वाईट वाटलं होतं मला.

ऋतुजा त्याच स्टुलावर टुणकन चढली. शिवून झालेला घागरा मी एक दिवस टांगून ठेवला, कारण तिरपं कापलेलं साटीन लोंबतं. मग खडूने खुणा करून पाव इंचाची किनार मारली. कमरेपासून खाली चहूकडून एकोणचाळीस इंच. रद्दी संपली होती, म्हणून पट्ट्यांसाठी जुन्या मापवहीची पानं फाडली.

सकाळी डावी बाजू दीड इंच वर होती.

साटीन लोंबतं, चढत नाही. टेप लावला. उजवीकडे एकोणचाळीस, डावीकडे साडेसदतीस. पाव इंचाच्या किनारीत दडायला कापड तरी कुठलं? चुकलीस बाई, म्हातारी झालीस, असं स्वतःलाच सुनावलं आणि कमरेतली जादा कापडाची माया उसवून डावी बाजू खाली घेतली. पुन्हा चहूकडून एकोणचाळीस. दोनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडे साडेसदतीस.

आता कमरेत माया उरली नव्हती. कापडाचा तुकडाही शिल्लक नव्हता, आणि साटीनवर सुईची भोकं बुजत नाहीत. लग्न उद्यावर आलेलं. घागरा उजेडात धरून किनार बोटाने चाचपली, तर डावीकडे काहीतरी कुरकुरलं. चिमट्याने ओढून काढलं. कागदाचा तुकडा. अक्षर माझंच.

'गुरम्मा. डावी दीड कमी.'

पट्ट्या फाडताना पानांवर काय लिहिलंय ते मी पाहिलंच नव्हतं. तुकडा काडी लावून जाळला. घागरा तसाच राहिला.

सिद्धम्माबाईंना सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? वाकडं शिवलं म्हणून की दुसरंच काही? ऋतुजा न्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाले, "डावीकडून जरा ओढून घे गं."

"काकू, तुमचं शिवलेलं कधी ओढावं लागतंय व्हय?" ती हसली.

लग्नाच्या कार्यालयात मी पुढच्याच रांगेत बसले. सगळ्या गावासमोर पोरीचं हसं व्हायचं होतं, आणि माझंही.

नवरीच्या खोलीचं दार उघडलं. ऋतुजा उंबऱ्यात उभी राहिली. माझी नजर थेट किनारीवर.

किनार चहूकडून सारखी होती. जमिनीपासून सूतभरही फरक नाही. मी श्वास सोडला. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

मग तिने पाऊल टाकलं.

डावा खांदा खाली गेला, वर आला. पुन्हा खाली. किनार सरळच.

"नवी चप्पल चावून राहिली वाटतं," शेजारची कुजबुजली.

ऋतुजा अनवाणी होती.

सिद्धम्माबाई पाहुण्यांशी बोलत होत्या. बोलता बोलताच, वळूनही न बघता, त्यांनी तिच्या डाव्या काखेखाली हात घातला.