त्या गाण्यातली खरखर

"चोरी! माझी पेटी बदललीय!"

गिटारवाल्याची बोंब स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. तिथे त्याची बायको शांतपणे भाजी चिरत होती. शेजारी रेडिओ घोगऱ्या आवाजात बातम्या देत होता.

"आत जा, तुमचीच वाट बघतायत," ती दुरुस्तीवाल्या बाईंना म्हणाली.

ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात बाईंची हयात गेली होती. तरी दुकानात रोज कोणीतरी विचारायचंच, "मालक कुठे आहेत?" आज ध्वनिमुद्रकाने त्यांना तातडीने बोलावलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी गाजलेली तबकडी नव्याने ध्वनिमुद्रित होऊन पुन्हा निघणार होती. गिटारची ती जाडसर, फाटकी खरखर कोणाची, हे यंदा वेष्टनावर छापायचं होतं. गिटारवाला म्हणे, माझी. त्याचा मेहुणा म्हणे, गिटारचा आवाज फाडणारी ही पायाने दाबायची पेटी मी बांधली, म्हणजे माझी. आज जो ती खरखर काढून दाखवील, त्याचं नाव. गिटार जुनीच, ॲम्प्लिफायर जुनाच; पण आवाज मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखा.

"ह्यानेच बदलली!" गिटारवाला ओरडला.

"भावोजी, तोंड सांभाळा!"

बाईंनी पेटीचे स्क्रू काढले.

"तारांना हे कथलाचे डाग कोणी दिलेत?"

"मीच," मेहुणा म्हणाला. "चाळीस वर्षांपूर्वी."

"म्हणजे पेटी तीच. बॅटरी मात्र कोरी करकरीत. कोणी घातली?"

"मी नवी घालतच नाही," गिटारवाला म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"मग कुठली घालता?"

तो अडखळला. "रेडिओतली. उतरलेली. तिच्यानेच ती खरखर येते. रविवारी हिने रेडिओत नवी घातली, जुनी मला दिली. काल संध्याकाळी झकास वाजत होतं."

मेहुणा आ वासून बघत राहिला. "आणि मी आयुष्यभर पेटीतल्या तारा बदलत बसलो!"

"तुम्ही आत कधी आलात?" बाईंनी त्याला विचारलं.

"आत्ता, ह्या ध्वनिमुद्रकांबरोबर, मागच्या जिन्याने. बारा वर्षं घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही मला."

बाईंनी पेटी खाली ठेवली.

"रविवारी नवी बॅटरी घातलेला रेडिओ आज घोगरा का? कारण त्याची बॅटरी इथे आहे आणि इथली त्याच्यात. बाहेरच्याने उतरलेली बॅटरी फेकून दिली असती. ही जपून ठेवलीय, म्हणजे तिची किंमत ठाऊक असलेल्या माणसाने. मेहुणे आत्तापर्यंत घरात शिरलेच नव्हते, आले तेही ध्वनिमुद्रकांबरोबर. तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही. मग उरलं कोण?"

"मी," दारातून आवाज आला. बायको पदराला हात पुसत उभी होती.

"घरभेदी!" गिटारवाला गरजला.

"उतरलेली घालून बघा, असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं? सांगा की सगळ्यांना! 'बायकांना काय कळतं' म्हणालात, आणि मग घातलीत. चाळीस वर्षं गिळलं मी ते."

गिटारवाला गिटारच्या खुंट्या पिळू लागला. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"आणा ती बॅटरी," त्या म्हणाल्या.

बॅटरी बसली. गिटारवाल्याने एक तार छेडली आणि ती खरखर खोलीभर पसरली. मेहुण्याने डोळे मिटले.

"हीच!" ध्वनिमुद्रक ओरडला. "चला, घेऊ या!"

बायको वाकली, बॅटरी उपसून मुठीत धरली.

"आधी नाव लिहा," ती म्हणाली. "माझं."