बोलनळीचं दुसरं तोंड

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय परवाच सरसाने चिकटवलाय, अजून भरवसा नाही. या स्टुलावर बसा.

बोट न्यायला आलात ते कळलं मला. तुमच्या संग्रहालयाचं पत्र आलं होतं. बोट तयार आहे, ती काय टेबलावर. चौऱ्याण्णव सेंटिमीटर, एकास पन्नास माप. मागचं पाणी कापायचं चाक हाताने फिरवून बघा हवं तर, प्रत्येक फळी वेगळी बसवलीय. पण बोट देता येणार नाही. का ते सांगते. ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल, काढा. मला स्वतःलाच यातलं अर्धं कळलेलं नाही.

सुरुवात अगदी साधी. हार्डवेअरच्या दुकानात दोन मिलिमीटरची पितळी नळी आणायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, भरीव तार घ्या की. वाकवायला सोपी. आतून पोकळ आहे की भरीव, कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे," म्हटलं.

तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं केली मी. जे खरं पोकळ, ते पोकळच करायचं, ही माझी खोड. जिन्याखालच्या कपाटाचं दार कुणी उघडणार नसलं तरी ते उघडायला हवं. आमचे साहेब हसायचे. म्हणायचे, बाई, तुम्ही मुंग्यांना भाड्याने द्यायला घरं बांधता की काय?

नळी हवी होती बोलनळीसाठी. जुन्या आगबोटींवर वर सुकाणूघर आणि खाली बॉयलरची खोली, या दोन्हींमध्ये एक लांब नळी असायची. दोन्ही टोकांना तोंड, तोंडावर झाकण. वरच्याने झाकण उघडून फुंकर मारायची, खाली शिट्टी वाजायची, मग बोलायचं. इतकंच ते यंत्र.

आता मला ती नळी इतकी महत्त्वाची का, ते आधी सांगायला हवं.

ज्या खऱ्या बोटीचं हे मॉडेल, तिच्यावर सुकाणू धरायचा माझा दादा. तो खिडकीपाशी बसलाय तो. आणि बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालायचे आमचे हे. एकाच बोटीवर भाऊ आणि नवरा. दादा ह्यांना चारचौघांत 'जावईबुवा' म्हणून चिडवायचा, हे त्याच्या जेवणातली चटणी पळवायचे. एक्केचाळीस वर्षं झाली. धुक्यात बोट पाण्याखालच्या कसल्या तरी सांगाड्यावर आदळली. भर सकाळी. उतारू वाचले, बाकीचे सगळे वाचले. हे वर आलेच नाहीत. बोटही सापडली नाही, नदीने गाळाखाली घेतली.

दादाने चौकशीत सांगितलं, मी नळीतून हाक मारली, 'वर ये' म्हटलं, खालून 'आलो' असं उत्तर आलं, म्हणून मी होडीत उतरलो. चौकशीवाले म्हणाले, हे शक्य नाही. बॉयलरची खोली पहिल्याच मिनिटात भरली होती, बुडालेला माणूस उत्तर कसं देईल? कागदावर तसं लिहिलं नाही कुणी, पण दादा खोटं बोलतोय असाच सगळ्यांचा समज झाला. माझाही. मी तसं बोलून दाखवलं नाही. एक्केचाळीस वर्षं एका घरात राहिलो, त्याला जेवायला वाढलं, त्याची दुखणी काढली, आणि रोज एकदा तरी मनात यायचं, की हा माझ्याशी खोटं बोलला का? ह्यांना खरंच हाक ऐकू गेली होती का? मरायच्या आधी मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून तुमच्या साहेबांनी या बोटीचं मॉडेल कराल का विचारलं, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

नकाशे तर कुठेच नव्हते. होतं ते दादाच्या डोक्यात. तो डोळे मिटून सांगायचा, "सुकाणूघर चार पावलं... पुढचा डेक वीस... बॉयलरची खोली बारा..." मी लिहून घेतलं. सगळी मिळून बासष्ट पावलं. मग त्याला या खोलीत चालायला लावलं, पाऊल मोजलं, पंचेचाळीस सेंटिमीटर भरलं. त्या हिशोबाने सांगाडा कापला, फासळ्या जोडल्या, आणि तुमच्या साहेबांचं पत्र आलं, जुन्या नोंदीत बोटीची लांबी सत्तेचाळीस मीटर आहे.

माझी बोट अठ्ठावीससुद्धा भरत नव्हती.

कपाळावर हात मारून घेतला. अहो, मी मोजलं ते पाऊल बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं, गुडघे गेलेल्या माणसाचं. बोटीवर चालला तो एकतीस वर्षांचा होता. तीस वर्षं माप हातात धरलेल्या बाईने ही चूक करावी? दोन दिवस मी स्वतःशी बोलले नाही. मग दादा म्हणाला, आपला जुना धक्का अजून आहे, तो तेव्हा बरोबर शंभर पावलं होता. टेप घेऊन गेले. एकोणसत्तर मीटर. म्हणजे तेव्हाचं पाऊल एकोणसत्तर सेंटिमीटर. झालं. सगळं उसवलं आणि नव्याने कापलं.

तरी बोट पुरेना. बासष्ट पावलांचे त्रेचाळीस मीटर होतात. चार मीटर कमी. सहा पावलं दादाने सांगितलीच नव्हती. कुठली, तेही दिसत होतं. बॉयलरची खोली आणि मागचं चाक यांच्यामध्ये मॉडेलात चौऱ्याऐंशी मिलिमीटरचा खड्डा पडला होता.

"दादा, इथे काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? हवा होती?"

"कोळसा असेल. आठवत नाही," म्हणाला, आणि उठून गेला.

मी खड्डा तसाच ठेवून बाकीचं काम चालू केलं. आणि तिथून सगळं विचित्र व्हायला लागलं. पहिल्यांदा वास. या खोलीत सरस, लाकूड, रंग यांचा वास कायम असतो, त्याने माझं नाक मेलंय असं म्हणा. पण त्या खड्ड्याशी वाकलं की ओला गाळ आणि जळका कोळसा. मग भुसा. कापताना पडलेला भुसा सगळीकडे कोरडा, त्या चौऱ्याऐंशी मिलिमीटरात मात्र ओला. छप्पर बघितलं, नळ बघितला, कुठे गळती नाही. आणि माप... एकदा मोजलं तर चौऱ्याऐंशी, जेवून येऊन मोजलं तर सत्याऐंशी, परत चौऱ्याऐंशी. छाती खाली-वर व्हावी तसं. मी पट्टी बदलली. चष्मा बदलला. शेवटी डॉक्टरकडेही जाऊन आले, डोळे ठीक आहेत म्हणाले. मग काय ठीक नाही? मला कळेचना. घाबरले का? नाही हो, घाबरायला आधी काहीतरी समजावं लागतं.

शेवटी दादाला हाताला धरून टेबलाशी आणलं. म्हटलं, "वास घे."

तो वाकला. ओला भुसा चिमटीत घेऊन नाकाशी नेला. मग बसक्या आवाजात म्हणाला, "त्याची खोपटी होती इथे."

बोटीवरच्या साहेबांच्या नकळत भट्टीवाल्यांनी स्वतःसाठी केलेली जागा. कागदावर कोळशाची कोठी. आत एक फळी, रात्रपाळी संपली की तिच्यावर अंग टाकायचं. कमरेइतक्या उंचीवर, मध्ये जाड लोखंडी दार, म्हणजे पाणी तिथे शेवटी पोहोचणार. आणि बोलनळीला एक फाटा काढून उशाशी दुसरं तोंड बसवलेलं, म्हणजे झोपेतही शिट्टी ऐकू यावी.

तुम्हाला काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला. उशाशी तोंड होतं! म्हणजे बॉयलरची खोली भरली तरी हे तिथून उत्तर देऊ शकत होते. दादा खरं बोलला होता. मी रडले, हसले, त्याच्या पाठीवर दोन धपाटे घातले, की मेल्या, इतकी वर्षं ही जागा लपवलीस कशाला, एका शब्दात सुटला असतास. तो जाऊन खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, गहिवरलाय.

चार दिवसांत खोपटी केली. फळी, फळीवर घोंगडीचा तुकडा, उशाशी नळीचं दुसरं तोंड, त्याला सुईच्या टोकाएवढं झाकण. माप त्यानंतर हललं नाही. वासही गेला.

मग आला तो मंगळवार. दुपारचे तीन. ऊन इथपर्यंत आलं होतं, दादा खिडकीशी पेपर वाचत होता. सुकाणूघरातलं नळीचं तोंड बसवून झालं. पोकळ आहे की सरसाने बुजली, हे बघायला मी ओठ लावून फुंकर मारली. खालून बारीक शिट्टी आली. इतकी गोड वाटली मला... माझ्या हाताने केलेली. आणि उगाच, अगदी उगाच, मी नळीत म्हटलं,

"अहो... वर या."

खालून उत्तर आलं. "आलो."

झोपेतून उठलेल्या माणसाचा जाडसर आवाज. सकाळी हाक मारली की हे असंच म्हणायचे, अर्धवट डोळे उघडून. एक्केचाळीस वर्षांत मी तो आवाज विसरले होते, आणि ऐकल्याबरोबर विसरले नव्हते हे कळलं.

मी वळले. दादाच्या हातातला पेपर खाली पडला होता. त्यानेही ऐकलं होतं.

"दादा," म्हटलं, "तू खरं बोलला होतास रे. हेच म्हणाले होते ना? हेच?"

तो माझ्याकडे बघेना. "नाही," म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"कुणी काही म्हणालं नव्हतं... मी हाकच मारली नव्हती."

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. तो हळूहळू बोलत राहिला, थांबत, श्वास घेत. "रात्रपाळी करून झोपला होता तो. मला ठाऊक होतं. झाकण उघडायचं, एक फुंकर, एक हाक... एवढंच. पाणी दिसलं आणि माझी पाचावर धारण बसली. मी उडी मारली. होडीत बसल्यावर आठवलं. तुला काय तोंड दाखवणार... म्हणून म्हटलं, तो 'आलो' म्हणाला."

"मग आत्ता हे कुणाला म्हणाले?"

दादा म्हणाला, "तुला. त्याला आजपर्यंत कुणी बोलावलंच नव्हतं. आज तू बोलावलंस."

मला दादाचा राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. पण डोक्यात नुसता गोंधळ. ज्या माणसासाठी मी इतकी वर्षं रडले, तो बुडताना घाबरला असेल असं समजून रडले, तो झोपला होता? आणि अजून झोपलाच होता? मी त्यांना उठवलं का? कुठे?

बुधवारी सकाळी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ओलं पाऊल होतं. उजवं, अनवाणी. गाळात भिजलेलं, बोटांशी कोळशाची काळी कड. मी पुसून काढलं. गुरुवारी दुसऱ्या पायरीवर. तेही पुसलं. मग पुसायचं सोडलं. रोज एक पायरी. एका दिवसात एकच. इतकं हळू का, ते मला माहीत नाही. कदाचित लांबून येत असतील. दादा त्या दिवसापासून खाली उतरलेला नाही, जेवण मी इथेच आणून देते. तो दिवसभर दाराकडे पाठ करून बसतो. रात्री मला म्हणतो, तो आला की तूच आधी बोल. मी दिवा मालवते.

बोट हलवू नका म्हणते ती एवढ्यासाठी. वाटेत असताना नळी हलली तर त्यांनी जायचं कुठे? तुमच्या साहेबांना सांगा, बाई म्हातारी झाली, काम अर्धवट राहिलं. काहीही सांगा.

मी सहासष्ट वर्षांची आहे. ते गेले तेव्हा एकोणतीसचे होते. रोज सकाळी दाराशी उभी राहते, हात कडीकडे जातो, मग तसाच कंगव्याकडे जातो. कडी लावू की केस विंचरू, अजून ठरत नाही.

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या. काल तेराव्या पायरीवर होतं. वर येताना तुमचा बूट ओला झाला, ते मी तुम्ही आत आलात तेव्हाच बघितलं. आता उतरताना भिंतीला धरून, कडेकडेने उतरा. वरून चौथी, आजची पायरी आली की तिच्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. आणि तिथे कुणी तुम्हाला वाट विचारली, तर वर आहे म्हणून सांगा.