उघडा कोपरा

दिव्यानीनं गोधडी काउंटरवर टाकली आणि घाईघाईत म्हणाली, "भाऊ, हा कोपरा उसवला. तेवढा शिवून द्या ना."

वडशाच्या बाजारातलं रोशनचं दुकान तसं नाटकवाल्यांचं. थंडी पडली, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की झाडीपट्टीतले सगळे राजे-राण्या त्याच्याच मशीनखालून सजून जातात. एवढा तयारीचा शिंपी, पण कोपऱ्यातून धानाचे दोन फोल दाणे सांडले आणि गडी कानापर्यंत लाल झाला.

"बाकी गोधडी नीट करून देतो," तो म्हणाला. "कोपरा नाई शिवत मी."

"काऊन?"

"तो... नाई जमत मले."

राणीचा झगा जमतो आणि चार बोटं कोपरा जमत नाही! दिव्यानीला हसूच आलं. पण रुखमाआजीची एवढीच आठवण तिच्याकडे होती. भामरागडकडे नर्सची नोकरी लागली होती, आणि तिथे तिला ही गोधडी धड करून न्यायची होती.

मग दर बाजाराच्या दिवशी ती दुकानात डोकावू लागली. रोशन झिजलेला एकेक तुकडा दाखवायचा – हे लुगडं कुणाचं, हे धोतर कुणाचं – ती अंदाज बांधायची, तो चिडवायचा. चहा आधी एक यायचा, मग दोन येऊ लागले. केव्हातरी तिच्या तोंडचं 'भाऊ' गळालं. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

जायचा दिवस उद्यावर आला. गोधडी झकास झाली होती, कोपरा मात्र तसाच.

"तुमाले माह्यं एवढंसं काम जड झालं," दिव्यानी म्हणाली. रोशन मान खाली घालून दोरे आवरत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोधडी उचलून ती निघाली, तर पायरीवर ऊन खात बसलेल्या सुगंधाबाईंनी, रोशनच्या आजीनं, तिचा हात धरला.

"बस पोरी. तुही आजी अन् मी एकाच गावच्या."

त्यांच्या गावात लेकीला लग्नात गोधडी द्यायचे ती एक कोपरा उघडा ठेवून. नवऱ्यानं आपल्या शेतातलं, बांधीतलं मूठभर धान त्यात घालायचं आणि कोपरा स्वतःच्या हातानं शिवायचा, म्हणजे पांघरणारी कधी उपाशी झोपत नाही. रुखमाच्या नवऱ्यानं, लटारूनं, जन्मात सुई धरली नव्हती. त्यानं काळ्या दोऱ्यानं असे वाकडेतिकडे टाके घातले की सारं गाव हसलं. रुखमानं मात्र त्या टाक्यांना कुणाला हात लावू दिला नाही. लटारू गेल्यावर ती त्याच कोपऱ्यावर गाल टेकवून झोपायची, म्हणून तोच आधी झिजला.

"अन् तू माह्या नातवाले म्हनते, कोपरा शिवून दे," सुगंधाबाई पदराआड हसल्या. "त्यानं काय समजावं?"

दिव्यानीचे कान तापले. भर बाजारात आपण या माणसाकडे काय मागत होतो! तडक घरी जावं असं वाटलं. पण उद्या भामरागड... पावसाळ्यात तर तिकडची वाटही बंद. रोशन तिला आवडला होता, फार आवडला होता, आणि आज बोललं नाही तर ते मनातच राहणार होतं.

ती पुन्हा पायरी चढली.

"रोशन... कोपरा शिवून द्या."

त्यानं वर पाहिलं. "आजीनं सांगितलं ना तुमाले?"

"सांगितलं."

"तरी?"

"तरी."

त्यानं मशीनचा खण उघडून एक पुरचुंडी काढली. त्याच्या बांधीतलं धान. केव्हापासून ठेवलंय, तिनं विचारलं.

"तुमी पयल्यांदा आल्या तवापासून. रोज काढतो अन् ठेवतो... विचारायची हिंमत नाई झाली."

धान आत गेलं. तिनं कडा धरली, त्यानं सुई घातली. वडशातला सगळ्यात सफाईचा हात, पण तो इतका कापत होता की एकही टाका सरळ पडेना. ओशाळून तो उसवायला निघाला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "असेच पाह्यजेत मले."