शलाकाचा वाचासेतू

"तीन शिट्ट्या झाल्या की गॅस..." एवढं बोलून शलाका थांबली. तोंड उघडंच, डोळे नवऱ्यावर, उन्मेषवर खिळलेले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काय रे, असा काय बघतोस?"

हे आता रोजचंच झालं होतं.

सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने शलाकाची वाचा गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मेंदूत वाचासेतू बसवला. हा तांदळाच्या दाण्याएवढा संगणक. मेंदूतला शब्द जुळवणारा भाग मेला, की ते काम तो करतो. माणसाचं जुनं बोलणं, फोनवरचे निरोप ऐकवून त्याला त्या माणसासारखं बोलायला शिकवतात. काय बोलायचं ते तो मेंदूच्या शाबूत भागांकडून समजून घेतो. जिथे ते कळत नाही, तिथे हे माणूस एरवी काय म्हणालं असतं याचा अंदाज बांधतो.

कोल्हापुरात सेतूंची दुरुस्ती रेहाना मुजावर ही इंजिनिअर करायची. उन्मेष शलाकाला तिच्याकडे घेऊन गेला.

"काका, संगणक सारखा बंद पडायची कारणं फार नसतात," रेहाना म्हणाली. "वीज कमी पडते, तो तापतो, नाहीतर मेमरी बिघडते. एकेक बघू."

तिने कानामागची बॅटरी बदलली. शलाका बोलता बोलता पुन्हा थांबलीच. तापमान ठीक होतं. मेमरीत एकही दोष नव्हता. मग रेहानाने सेतूला येणाऱ्या सगळ्या तारा तपासल्या आणि पडदा उन्मेषकडे वळवला.

"काका, यंत्र चांगलं आहे. मेलेल्या बाजूकडून वीज येतेय."

"म्हणजे?"

"काकूंचा तो भाग पुन्हा थोडा जगलाय. त्या स्वतः बोलू बघतात, त्याच क्षणी सेतूही बोलतो. एका दारातून दोघं एकदम निघाले की अडकतात ना, तसं. मग सेतू बंद पडतो."

"कधीपासून?"

"एवढा जोर यायला वर्षं लागतात, काका."

उन्मेष चाचरत म्हणाला, "पण दोघांचं म्हणणं एकच असेल ना?"

"एकच असतं तर टक्कर झाली नसती."

तिने सेतू बंद केला. शलाकाची हनुवटी थरथरली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"आ... आई," ती म्हणाली. "आई. गेली."

तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शलाका शांतपणे सांगायची, "वय झालं होतं. सुटली बिचारी." तिच्या धीराचं उन्मेषने कौतुक केलं होतं. आता ती पोटातून हुंदके देत होती. त्याने हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"दोन्ही ठेवता येणार नाहीत," रेहाना म्हणाली. "सेतू हवा तर जगलेला भाग औषधाने दाबावा लागेल. सेतू काढला तर वर्षाकाठी मोजके शब्द येतील, कदाचित."

"तिलाच विचारू."

"कुणाला, काका? सेतू चालू असेल तर उत्तर तोच देईल. बंद असेल तर काकूंकडे शब्दच नाहीत."

तरी त्याने सेतू चालू करायला लावला आणि विचारलं. शलाका हसली. "राहू दे रे चालू. माझं काय अडलंय? आपल्या गप्पा..."

आणि ती थांबली.

"बंद करा," उन्मेष म्हणाला.

आता घर शांत असतं. पाणी, नको, ऊन, आई, एवढेच शब्द तिला येतात. संध्याकाळी चहा घेताना उन्मेषला त्या दुसऱ्या आवाजाची आठवण येते आणि लाजही वाटते. सहा वर्षं आपण कुणाशी गप्पा मारत होतो, हे तो कुणाला विचारणार?

एकदा धीर करून त्याने विचारलं, "शलू, राग आहे का माझा?"

ती बराच वेळ झगडत होती. तो थांबून राहिला.

"हो," ती म्हणाली.

मग ती आणखी एक शब्द शोधत राहिली. तो तिला सापडला नाही.