पोटाशी बांधलेलं पातळ

ऐकायचं तर मुकाट्याने ऐका आणि घरी जाऊन आयांच्या कानावर घालू नका. अंगद माझ्या चुलतभावाचा मुलगा. गोष्ट रचून सांगण्याइतकं त्याचं डोकं चालत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

तीन वर्षांपूर्वीची पौष अमावस्या. दिवस मावळायला अंगद पोराला आजोळी, राजूरला सोडायला निघाला. पोर दोन वर्षांचं झालं तरी आईला, शालूला, सोडत नव्हतं. अंगावरचं दूध तोडायचं म्हटलं की आपल्याकडे लेकराला आठ दिवस आजीपाशी ठेवतात. आई दिसली नाही की ते विसरतं. शालूने आपल्या जुन्या पातळाने पोराला अंगदच्या छातीशी बांधलं. मोटारसायकल सुरू झाल्यावर म्हणाली, "आईचा फोन आला तर या वेळी मला द्या."

अंगदच्या मनात आलं, म्हणजे हिला काही कळलंय की काय?

या पोराआधी त्यांना मुलगी होती, रेणू. आता मुलगा हवा, पाळणा लवकर हलायला हवा, म्हणून अंगदने तिचं दूध सातव्या महिन्यातच तोडायला लावलं. अशीच बांधून राजूरला नेऊन सोडली. सासूचा, बायनाबाईंचा, फोन आला होता.

"जावईबापू, लेकरू बाटली तोंडात धरून न्हाई राह्यलं. जल्दी घेऊन जा."

"रडंल दोन दिवस. मंग लागंल सवय," अंगद म्हणाला. शालूला त्याने हे कधीच सांगितलं नाही. पोर जुलाबाने गेली. गावाअलीकडच्या पुलापाशी, बाभळीखाली तिला पुरलं. शालूचं दूध मात्र कितीतरी दिवस आटलं नाही. अंग ठणकलं की ती परसातल्या रुईच्या बुडाशी पिळून यायची, आणि अंगद तिकडे पाठ करून बसायचा. त्याची त्याला लाज वाटायची.

तर त्या रात्री पोर आजीच्या कुशीत झोपलं. बायनाबाईंनी पातळ सोडून अंगदच्या हातात दिलं. "हे इथं नका ठेवू. आईचा वास आला की उठून बसंल."

साडेदहाला तो परत निघाला. थंडी मरणाची. त्याने तेच पातळ पुन्हा छातीशी गुंडाळलं, मानेमागे गाठ मारली. सवयीने खाली झोळीसुद्धा सोडली. गडी तेवढंच चुकला.

पूल आला.

गाठ ओढली गेली. वाऱ्याने असेल, असं त्याला वाटलं. पण वारा पडला होता.

झोळीत वजन होतं... थोडंसंच. ऊबदार.

त्याने खाली पाहिलं नाही. छातीवर काहीतरी चाचपडत होतं. मग लागलं. चुटूक... चुटूक...

गाडी बंद पडली. दिवा गेला.

"रेणू?"

आवाज थांबला. कुणीतरी ऐकतंय, असा थांबला.

"चुकलं माझं, बाई. तुझ्या आजीचा फोन आल्ता... मीच..."

बाभळीचं पानही हललं नाही. मग पुन्हा...

चुटूक.

बाप तो. त्याच्या छातीत काय असणार? तरी तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नाही.

घरी शालूने दार उघडलं. "रडलं का?"

तिने मानेमागची गाठ सोडली. पातळ रिकामं होतं, कोरडं. सदरा मात्र डाव्या बाजूला चिंब भिजलेला. तिने बटणं काढली आणि दिवा जवळ धरला. छातीवर दोन दातांची खूण होती. एकाला लागून एक. बारीक.

"आपल्या पोराला तर तोंडभर दात हायेत," अंगद कसाबसा म्हणाला.

शालूने खुणेवर बोट ठेवलं.

"रेणूला दोनच आल्ते. खालचे."

मग अंगदने फोनचं सगळं सांगितलं. शालू उजाडताच राजूरला जाऊन पोराला घेऊन आली. ते पुढे वर्षभर पीत राहिलं आणि एक दिवस आपणहून सुटलं.

अंगद परवा विहिरीवर अंघोळ करत होता. त्याच्या छातीवरचे ते दोन ठिपके मी पाहिले. त्याने पंच्याने पुसले... तरी पुन्हा ओलावले.